हळदीचे फोटो नारिंगी आले, रॉमुळे वाचलो

मामेबहिणीच्या हळदीला फोटो काढायचं काम माझ्याकडे होतं, सकाळी ढगाळ होतं म्हणून कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणे फोटोचे रंग जुळवणारी सेटिंग) क्लाउडीवर टाकला आणि रात्री मांडवात हॅलोजन लागले तरी तो तसाच राहिला. घरी येऊन बघतो तर सगळे नारिंगी, हळद कुठली आणि गाल कुठला तेच कळेना 😅

आधी जेपेगवरच (कॅमेऱ्यातून तयार होऊन येणारी नेहमीची फोटो फाइल) निळा वाढवून बघितला, पण चेहरे राखेसारखे झाले. नशीब रॉ प्लस जेपेग चालू होतं, म्हणजे जेपेगसोबत सेन्सरची कच्ची नोंद असलेली रॉ फाइलही होती. रॉ फाइल डार्कटेबल या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली (फुकट आहे), व्हाइट बॅलन्सचा पिकर मामाच्या पांढऱ्या टोपीवर टेकवला, उजेडाच्या रंगाचा आकडा ३२०० केल्विनच्या आसपास आला आणि हळद परत पिवळी! तीच सेटिंग बाकीच्या फोटोंना कॉपी-पेस्ट.

कारण रॉमध्ये व्हाइट बॅलन्स फक्त नोंद म्हणून असतो, रंगात मुरलेला नसतो. शिवाय माझी रॉ १४ बिटची, म्हणजे प्रत्येक रंगाच्या १६,३८४ छटा, जेपेगला २५६च. टोपीवर हॅलोजनचा झोत पडून जिथे पार पांढरं झालं होतं ते मात्र रॉमधूनही परत आलं नाही. रॉ फाइल मोठी असल्याने मेमरी कार्ड पण भराभर भरतं, आता दोन ठेवतो.