राजदूत ३५० घेताना साल कसे ठरवावे

एस्कॉर्ट्स कंपनीने यामाहाच्या परवान्यावर १९८३ मध्ये राजदूत ३५० ही मोटारसायकल बाजारात आणली आणि ते दशक सरत असताना तिचे उत्पादन थांबले. त्यामुळे आज बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी या भागांत किंवा सीमेपलीकडे कोल्हापूर, गडहिंग्लजकडे जी आरडी (या गाडीचे रूढ नाव) विक्रीला निघते, ती पस्तीस-चाळीस वर्षांची असते. ती घ्यायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न सालाचा असतो : ८४ ची घ्यावी की ८७ ची? प्रश्न योग्य आहे, परंतु आरसी बुकात त्याचे निम्मेच उत्तर मिळते; उरलेले निम्मे सिलिंडरच्या बोअरमध्ये, म्हणजे आतल्या व्यासात, आणि क्रँकच्या, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याच्या, सीलमध्ये शोधावे लागते.

आधी सालाचा अर्थ पाहू. ही गाडी यामाहाच्या आरडी ३५० बी या १९७० च्या दशकातील मॉडेलवर बेतलेली आहे. दोन सिलिंडरचे टू-स्ट्रोक इंजिन, ६४ मिमी बोअर, ५४ मिमी स्ट्रोक, ३४७ सीसी आणि सहा गिअर ही तिची मूळ रचना. जपानी गाडीची ताकद ३९ अश्वशक्ती होती. भारतात आली ती ३०.५ अश्वशक्तीची. त्या काळच्या बुलेटची ताकद १८ अश्वशक्ती होती, त्यामुळे या गाडीची तेव्हा एवढी चर्चा का झाली हे वेगळे सांगायला नको. मात्र पेट्रोलचा खर्च सर्वसामान्य ग्राहकाला परवडेना, म्हणून १९८५ पासून इंजिन सौम्य करून २७ अश्वशक्तीचे देण्यात आले. पहिल्या प्रकाराला 'हाय टॉर्क' म्हणजे एचटी आणि दुसऱ्याला 'लो टॉर्क' म्हणजे एलटी म्हणतात. एचटीमध्ये जपानी बनावटीचे भाग जास्त होते, पुढे एलटीमध्ये देशी भागांचे प्रमाण वाढत गेले. जुन्या बाजारात एचटीला जो जास्त भाव मिळतो तो या दोन कारणांमुळे.

येथपर्यंतची माहिती बहुतेकांना असते. अडचण पुढे सुरू होते, कारण चाळीस वर्षांत या गाड्यांची इंजिने, सिलिंडर, टाक्या आणि चेस (सांगाडे) एकमेकींत इतक्या वेळा फिरल्या आहेत की कागदावरचे साल आणि चेसवर बसवलेले इंजिन यांचा मेळ असेलच असे नाही. माझी पहिली आरडी मी केवळ साल पाहून घेतली होती. आरसीवर १९८४ होते, विकणाऱ्याने एचटी म्हणून सांगितले आणि मी त्याच भावाने पैसे दिले. उद्यमबागेतील एका लेथवर हेड उतरवून मोजमाप घेतले, तेव्हा एक सिलिंडर एचटीचा, दुसरा एलटीचा आणि दोन्हींचे बोअर शेवटच्या मापाला पोचलेले निघाले. ती गाडी नीट करण्यात दोन पावसाळे गेले. म्हणून ज्या क्रमाने मी आता गाडी तपासतो तोच क्रम येथे सांगतो.

सर्वांत आधी कागद पाहावेत. आरसीवर उत्पादनाचे वर्ष आणि नोंदणीची तारीख या दोन वेगळ्या नोंदी असतात आणि आपल्याला पहिली हवी असते. नव्या पद्धतीचे क्रमांक, म्हणजे केए-२२ किंवा एमएच-०९ असे, १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ रोजी अमलात आल्यानंतरचे आहेत. त्यामुळे १९८४ ची म्हणून दाखवलेली गाडी जर केए-२२ क्रमांकाची असेल, तर ती एकतर उशिरा नोंदवली गेली आहे किंवा दुसऱ्या राज्यातून येऊन तिची पुन्हा नोंदणी झाली आहे. यात गैर काही नाही, पण अशा वेळी जुना क्रमांक कोणता होता आणि त्याचा कागद कुठे आहे हे विचारावे. इंजिनावरचा इंजिन क्रमांक आणि हँडलच्या मानेवरचा चेस क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी आरसीशी ताडून पाहावा. तिथला भाग घासलेला, जाड रंगाने भरलेला किंवा आकडे वाकडेतिकडे ठोकलेले दिसले, तर गाडी कितीही देखणी असली तरी तिथूनच परत फिरावे. इंजिन बदललेले असेल आणि त्याची नोंद आरसीवर केलेली नसेल, तर ती नोंद करून देण्याची जबाबदारी व्यवहाराआधी विकणाऱ्याकडेच ठेवावी.

आता इंजिन. माझ्या मते आरडीचे खरे वय सालाने मोजण्यापेक्षा बोअरने मोजावे. मूळ सिलिंडर ६४ मिमीचा असतो. घासल्यावर तो ०.२५ मिमीच्या पायरीने वाढवता येतो : ६४.२५, ६४.५०, ६४.७५ आणि शेवटी ६५. त्यापुढे पिस्टन मिळत नाही. नवे स्लीव्ह बसवावे लागते. म्हणजे प्रत्येक सिलिंडरला चारच रीबोअर मिळतात आणि त्यांपैकी किती खर्च झाले हेच त्याचे उरलेले आयुष्य. पिस्टनच्या डोक्यावर बहुधा ५० किंवा १००, म्हणजे ०.५० किंवा १.०० मिमी, असा वाढीव मापाचा आकडा असतो, त्यामुळे हेड उतरवताच हे कळते. विकणारा हेड उतरवू देत नसेल, तर सिलिंडर शेवटच्या मापाचे आहेत असे धरूनच भाव बोलावा. ६४.२५ वर असलेली १९८७ ची एलटी आणि ६५ वर असलेली १९८४ ची एचटी शेजारी उभ्या असतील, तर रोज चालवायला मी विनासंकोच पहिली घेईन. दोन सिलिंडरांचे माप एकच आहे की नाही हेही पाहावे. एकाच बाजूचा बोअर वाढलेला असेल, तर त्या बाजूला पिस्टन कधीतरी पकडलेला, म्हणजे सिलिंडरमध्ये घट्ट अडकलेला, असण्याची शक्यता मोठी आणि तो का पकडला याचा शोध घेतल्याशिवाय गाडी हलवू नये.

पिस्टन पकडण्याचे कारण पुष्कळदा क्रँकच्या सीलमध्ये असते, आणि या गाडीच्या बाबतीत मला सर्वांत जास्त काळजी याच भागाची वाटते. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये दाबले जाते, म्हणून क्रँकच्या दोन्ही टोकांची रबरी सील हवाबंद असावी लागतात. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीत ती कडक होऊन फाटतात. डावीकडे, जिथे जनरेटर आणि पॉइंट (ठिणगीची वेळ ठरवणारे संपर्क) आहेत, तिथले सील गेले तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते, सिलिंडर तापतो आणि पिस्टन पकडतो. उजवीकडचे, म्हणजे क्लचच्या बाजूचे सील गेले तर इंजिन गिअरबॉक्समधले ऑइल ओढून जाळू लागते. दोन्हींची लक्षणे ओळखता येतात. गाडी गरम झाल्यावर ॲक्सिलरेटर सोडूनही इंजिनचे फिरणे लगेच खाली येत नसेल, आपोआप चढत असेल, तर हवा कुठून तरी शिरते आहे हे समजावे. उजव्या सायलेन्सरमधून डाव्यापेक्षा दाट पांढरा धूर येत असेल आणि गिअर ऑइलची पातळी काही दिवसांतच उतरत असेल, तर उजवे सील गेलेले आहे. नुसती सील स्वस्त असतात. परंतु त्यासोबत क्रँकची बेअरिंग आणि कनेक्टिंग रॉड तपासायला क्रँक बाहेर काढावा लागतो, तो दाबून जोडलेला असल्याने पुन्हा सरळ बसवणे हे कसबी काम आहे, आणि खरा खर्च तिथे येतो. गाडी नुसती उभी असेल आणि चालवून दाखवली जात नसेल, तर हा संपूर्ण खर्च आपल्याच खिशातून जाणार असे मानून भाव ठरवावा.

या बाबतीत बेळगावच्या माणसाला एक सोय आहे. उद्यमबाग आणि मच्छे येथील औद्योगिक वसाहतींमुळे बोअरिंग, होनिंग आणि लेथचे अचूक काम करणारी माणसे गावातच भेटतात. पुण्या-मुंबईच्या शौकिनाला ज्या कामासाठी आठवडे थांबावे लागते ते इथे आपल्या समोर उभे राहून करून घेता येते. पिस्टन आधी आणून त्या पिस्टनच्याच मापाने बोअर करून घ्यावा, आधी बोअर आणि मग पिस्टन असा उलटा क्रम कधीही करू नये.

ऑइल पंपाविषयी थोडे. या गाडीत टू-टी ऑइलची वेगळी टाकी आणि 'ऑटोल्यूब' पंप आहे. आपल्याकडे पुष्कळ मिस्त्री हा पंप बंद करून ऑइल थेट पेट्रोलमध्ये मिसळायला सांगतात. पंप जागेवर आणि चालू असेल तर ती गाडी कुणीतरी जपून चालवलेली आहे असा माझा अनुभव आहे. बंद केलेला असेल तर तो का बंद केला हे विचारावे. वायरिंग, पॉइंट, कॉइल आणि बारा व्होल्टचे चार्जिंग यांचे काम कष्टाचे असले तरी नीट होण्यासारखे असते, त्यासाठी चांगली गाडी सोडू नये.

गंजाचा हिशेब मात्र सालापेक्षा गावाप्रमाणे करावा. आपल्या जिल्ह्यात खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे धो-धो पाऊस असतो आणि अथणी, रायबागकडे हवा कोरडी व धुळीची असते. चोर्ला घाटापलीकडून, गोव्याकडून आलेल्या गाडीत चेसच्या सांध्यांत, सीटखालच्या पट्ट्यांत आणि टाकीच्या तळाशी गंज असण्याची शक्यता फार मोठी. याउलट अथणीकडच्या गाडीचे पत्रे चांगले असतात, पण एअर फिल्टर काढून टाकलेला असेल तर धुळीने सिलिंडर आणि रिंगा झिजवलेल्या असतात. म्हणून पश्चिमेकडच्या गाडीत आधी टाकीत बॅटरी मारून आत पाहावे, पूर्वेकडच्या गाडीत आधी फिल्टरचा डबा उघडावा. टाकीच्या बाबतीत आता आणखी एक कारण निर्माण झाले आहे. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते आपल्याच ऊसपट्ट्यातील कारखान्यांतही तयार होते आणि शेतकऱ्याला त्याचा लाभ आहे, हे मान्य करूनही सांगावे लागते की इथेनॉल ओलावा धरते आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या रबराला ते मानवत नाही. पेट्रोलची नळी, कॉक आणि कार्ब्युरेटरमधली रबरे नवी बसवावीत, आणि गाडी पावसाळाभर उभी ठेवायची असेल तर टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवावेत.

ब्रेकविषयी कुणी गोड बोलेल तर ऐकू नये. जपानी आरडीला पुढे डिस्क ब्रेक होता, राजदूतला ड्रम दिला गेला आणि ताकदीच्या मानाने तो कमीच पडतो. हे सर्व सालांना सारखेच लागू असल्याने निवडीत त्याचा उपयोग नाही, पण पुणे-बेंगळुरू महामार्गावर गाडी काढण्यापूर्वी ब्रेक शू नवे घालावेत आणि ड्रमची गोलाई लेथवर तपासून घ्यावी.

सीमेपलीकडची गाडी घेताना घाई करू नये. कोल्हापूर किंवा सांगलीची गाडी कायमची कर्नाटकात ठेवायची असेल, तर बारा महिन्यांच्या आत इथला नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, तसेच मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० लागतात, आणि कर्नाटकाचा आजीव कर गाडीच्या वयानुसार भरावा लागतो. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि नंतर दर पाच वर्षांनी वाढवावी लागते. १९८५ ची गाडी असेल तर २००० पासूनच्या प्रत्येक नूतनीकरणाची नोंद तपासावी. मध्येच खंड असेल तर दंड कोण भरणार हे आधीच ठरवावे. ऑगस्ट २०२५ च्या सुधारणेनंतर वीस वर्षांवरील दुचाकीच्या नूतनीकरणाचे केंद्रीय शुल्क २,००० रुपये झाले आहे, त्यामुळे रखडलेले कागद आता पूर्वीपेक्षा महाग पडतात. कर्नाटकातील विक्रेत्याने करारपत्र कन्नडमध्ये केले असेल आणि आपल्याला कन्नड वाचता येत नसेल, तर ओळखीच्या माणसाकडून ते पूर्ण वाचून घेतल्याशिवाय सही करू नये. खानापूर-निपाणीकडच्या कित्येक मराठी घरांत ही काळजी घेतली जात नाही आणि मग चेस क्रमांकातला एक आकडा चुकल्यामुळे महिनोन् महिने हेलपाटे घालावे लागतात.

हे सगळे जमेस धरून साल ठरवायचे, तर माझे मत असे आहे. आठवड्यातून तीन-चार दिवस चालवायची असेल, तर १९८६ ते १९८८ मधली, बोअर दुसऱ्या पायरीच्या आत असलेली, ऑइल पंप चालू असलेली आणि कागद सलग असलेली एलटी घ्यावी. तीन-साडेतीन अश्वशक्ती कमी असल्याचे आपल्या रस्त्यांवर जाणवत नाही. १९८३ ते ८५ मधली एचटी घ्यायची तर केवळ तेव्हाच, जेव्हा दोन्ही सिलिंडर मूळचे, एकाच मापाचे आणि क्रमांक शंकेपलीकडचे असतील. अशी गाडी क्वचित निघते आणि ती निघाली की भावावरून फार ताणू नये. एलटीचे पोर्ट, म्हणजे सिलिंडरमधील मिश्रण व धुराच्या वाटा, कोरून 'एचटी केलेली' गाडी मात्र कोणत्याही सालाची असो, मी घेत नाही, कारण ते काम कोणत्या हाताने केले आहे हे सिलिंडर उघडूनही पूर्ण कळत नाही.

पसंत पडलेली गाडी शेवटी एकदा थंड इंजिनावर सुरू करून पाहावी. आपण पोचायच्या आधीच ती गरम करून ठेवलेली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जावे. सुरू झाल्यावर पंधरा-वीस किलोमीटर सहाही गिअरमध्ये चालवावी, चढावर उजवी-डावी बाजू सारखी ओढते का ते पाहावे, आणि थांबताच दोन्ही स्पार्क प्लग काढून शेजारी ठेवावेत. दोन्हींचा रंग विटकरी-तपकिरी आणि सारखा असेल तर विसार द्यावा. एक पांढरट आणि दुसरा काळा असेल, तर प्लग पुन्हा बसवून द्यावेत आणि पैसे परत घरी आणावेत.