एजंटला फेडर समजावताना

नौपाड्यातल्या माझ्या खोलीवजा स्टुडिओत भजनी मंडळं रेकॉर्डिंगला येतात. मिक्सिंगमधली हमाली मी रीपर या रेकॉर्डिंग-मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरला जोडलेल्या एआय एजंटवर टाकतो. तुम्हालाही तसं करायचं असेल, तर एजंटला वापरायला दिलेल्या प्रत्येक कमांडच्या, म्हणजे टूलच्या, वर्णनात ‘आवाज बदलतो’ एवढं लिहून भागत नाही.

एकक आधी. रीपरच्या एपीआयमध्ये (बाहेरचा कोड ज्यातून रीपर चालवतो त्यात) ट्रॅकचा व्हॉल्यूम, म्हणजे पडद्यावरचा फेडर, डेसिबलमध्ये (डीबी) नसतो, पटीत असतो. १ म्हणजे ० डीबी, ०.५ म्हणजे साधारण −६. हे रूपांतर टूलच्या आत करा आणि वर्णन असं लिहा: ‘ट्रॅकची पातळी डीबीमध्ये ठरवतं. मर्यादा −६० ते +६. आहे त्यात भर घालत नाही, थेट तेवढी करतं. आधी सध्याची पातळी वाचा.’ शेवटची दोन वाक्यं गाळलीत, तर ‘पखवाज ३ डीबी खाली घे’ म्हटल्यावर तो थेट −३ वर जाऊन बसू शकतो, मग आधी कुठेही असो.

ट्रॅकचे क्रमांक पडद्यावर १ पासून, एपीआयमध्ये ० पासून. त्यापेक्षा नावानेच मागवा. ‘टाळ’ नावाचे दोन ट्रॅक सापडले, तर टूलने अंदाज न बांधता दोन्ही दाखवून विचारावं.

ट्रॅक डिलीट करणाऱ्या टूलला ‘आधी परवानगी घ्या’ असं बजावाच, पण खरा अडसर कोडमध्ये घाला. बुवांना तोच अभंग पुन्हा गायला सांगायची माझी तरी छाती नाही.