डेकचं सामान स्वतः मोजलं, माझा अनुभव

खारघरला आमचं रो हाऊस आहे, मागच्या बागेत पावसाळाभर नुसता चिखल, म्हणून डब्ल्यूपीसीचा (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या फळ्यांचा) डेक, म्हणजे फळ्यांचा ओटा, करायचं ठरवलं. कॉन्ट्रॅक्टर स्क्वेअर फुटाचा एकच रेट सांगून मोकळा, फळ्या किती पाइप किती काही पत्ता नाही, मग मीच टेप आणि वही घेऊन बसलो.

आधी फळीची लांबी बघा आणि मग डेकचं माप ठरवा, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दुकानात 2.9 मीटरची फळी होती म्हणून डेकची रुंदी तेवढीच धरली, कापाकापी जवळपास नाहीच. फळी 145 मिमी, गॅप 5 मिमी, म्हणजे एकीला 150. डेकची लांबी 3.6 मीटर, म्हणून 24 फळ्या, वर 10 टक्के धरून 27.

फळ्यांच्या खाली आडवे आधाराचे जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप दर 300 मिमीवर. इथे अंतर वाढवून पैसे वाचवू नका प्लीज, उन्हात डब्ल्यूपीसी नरम पडतं आणि मधे झोळ येतो. 2.9 मीटर रुंदीत 11 पाइप, प्रत्येकी 3.6 मीटर. बाजारात 6 मीटरचा पाइप येतो, उरलेले 2.4 चे तुकडे वेल्डिंगने जोडले की 7 मध्ये भागतं (बाहेरची चौकट आणि पाय वेगळे), फक्त वेल्डिंगवर प्रायमर नीट मारून घ्या.

फळ्या पाइपला धरून ठेवणाऱ्या क्लिप 24 गुणिले 11, म्हणजे 264, मी 300 आणल्या. स्क्रू मात्र एसएस 304 (स्टेनलेस स्टील) चेच, खाडीच्या खाऱ्या हवेत साधे लगेच गंजतात.