दोन वेगांची रॅम, एकच पीसी

जुनी ८ जीबी डीडीआर४ रॅम २४०० वेगाची. तशीच मिळेना, म्हणून ३२०० ची ८ जीबी आणून बसवली. पीसी नीट सुरू झाला, पण बायोसमध्ये (पीसीच्या मूळ सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या जाहीर वेगाने पळवणारी सेटिंग, चालू केलं आणि स्क्रीन काळी. पंखे फिरतायत, चित्र नाही. एक्सएमपी जुन्या पट्टीलाही ३२०० वर पळवायला बघत होतं.

प्लग काढून मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल पाच मिनिटं बाहेर ठेवला (आधी प्लग, मग सेल, हे खरंच विसरू नका). बायोस मूळपदावर आलं. एक्सएमपी बंदच ठेवलं. आता दोन्ही पट्ट्या २४०० वर. दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये आहेत, त्यामुळे ड्युअल चॅनेलही (दोन्ही पट्ट्या एकाच वेळी वापरणं) मिळालं. रात्रभर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम चालवला, एकही एरर नाही. वेग थोडा गेला, पण मला १६ जीबीच हवी होती.