शॉकअपची गळती घरीच थांबवली
पावसाळ्यानंतर बाइकच्या पुढच्या उजव्या शॉकअपच्या पाइपवर तेलाचं कडं दिसायला लागलं. चाक, ब्रेकचं कॅलिपर सहज निघालं, पण शॉकअपच्या तळाचा ॲलन बोल्ट (षटकोनी खाचेचा) जागच्या जागीच गरगर फिरे. आतला रॉडही सोबत फिरत होता. शॉकअप जोरात दाबून धरला, स्प्रिंगचा दाब आला, तेव्हा कुठे बोल्ट सुटला. (म्हणून स्प्रिंग दाबून ठेवणारं वरचं झाकण आधी काढू नका!) आतलं तेल काळंकुट्ट, वास तर विचारूच नका. खरा चोर निघाला पाइपवरचा गंजाचा ठिपका, नखाला लागणारा. 1000 नंबरच्या पॉलिश पेपरने तो घासला, नाहीतर तेल अडवणारं नवं रबरी सीलही फाटलं असतं. सील ठोकायला पीव्हीसी पाइपचा तुकडा पुरला. तेल मात्र मॅन्युअलमधल्या मापानेच, सिरिंजने मोजून, दोन्हीकडे सारखं भरलं.