छायाचित्रणाच्या पहिल्या वर्गासाठी परवडणारा कॅमेरा कसा निवडावा

कॅमेरे पाहण्याआधी वर्गाचा अभ्यासक्रम मागवून वाचावा, कारण खरेदीतल्या अर्ध्याअधिक शंका तिथेच मिटतात. प्राथमिक वर्गात बहुधा तीन गोष्टींचा सराव होतो: लेन्सचे ॲपर्चर म्हणजे छिद्र किती उघडायचे, शटर किती वेळ उघडे ठेवायचे आणि आयएसओ, म्हणजे प्रकाशाबाबतची संवेदनशीलता, किती ठेवायचा. या तिन्ही गोष्टी हाताने आणि एकमेकींपासून स्वतंत्रपणे बदलता येत असतील, तर तो कॅमेरा वर्गासाठी चालेल. येत नसतील, तर त्याची छायाचित्रे कितीही देखणी असली तरी वर्गात त्याचा उपयोग नाही. वर्ग फिल्मवर आहे की डिजिटल, रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) द्यावी लागणार आहे का आणि स्टुडिओतील दिव्यांचा पाठ आहे का, हे तीन प्रश्न शिक्षकांना आधीच विचारून घ्यावेत.

हातातला फोन पुरेल का, ही पहिली शंका रास्त आहे. वर्ग केवळ चित्रचौकट आणि प्रकाशाची जाण यांपुरता असेल, तर फोन पुरतो. मात्र बहुतेक फोनच्या लेन्सचे ॲपर्चर कायमचे ठरलेले असते आणि धूसर पार्श्वभूमी गणिताने तयार केलेली असते. त्यामुळे ‘एकच दृश्य एफ/२.८ आणि एफ/११ वर टिपून फरक लिहा’ (एफपुढचा आकडा जितका मोठा, तितके छिद्र लहान) असा साधा गृहपाठही फोनवर करता येत नाही.

त्यानंतर कॅमेऱ्याची वरची चकती पाहावी. तिच्यावर एम (सगळे हाताने), ए (ॲपर्चर आपण ठरवायचे), एस (शटर आपण ठरवायचे) आणि पी (दोन्ही कॅमेरा ठरवतो) ही अक्षरे हवीत. कॅननवर ए आणि एसच्या जागी एव्ही आणि टीव्ही असे लिहिलेले असते. पण केवळ एम दिसला म्हणून निश्चिंत होऊ नये. लांब पल्ल्याच्या झूमची जाहिरात करणाऱ्या अनेक स्वस्त कॅमेऱ्यांवरही एम असतो, परंतु त्यांचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, जेमतेम ६.२ × ४.६ मिलिमीटरचा असतो. एवढ्या लहान सेन्सरवर, विशेषतः झूम न करता, जवळचे आणि दूरचे जवळपास सारखेच स्पष्ट दिसते. विद्यार्थी ॲपर्चर बदलत राहतो आणि छायाचित्रात काहीच बदलताना दिसत नाही. निकॉन आणि सोनीच्या एपीएस-सी सेन्सरचे माप साधारण २३.५ × १५.६ मिलिमीटर असते, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे १३ पट. कॅननचा एपीएस-सी त्याहून किंचित लहान आणि मायक्रो फोर थर्ड्स १७.३ × १३ मिलिमीटरचा असतो. शिकण्यासाठी यांपैकी कोणताही चांगला. ३६ × २४ मिलिमीटरचा फुल फ्रेम उत्तम खरा, पण त्याच्या लेन्सही त्याच तोलाच्या किमतीच्या असतात, म्हणून पहिल्या वर्गासाठी तो हट्ट सोडावा.

मेगापिक्सेलच्या आकड्यावर विक्रेते सर्वाधिक बोलतात आणि विद्यार्थ्याला सर्वांत कमी गरज त्याचीच असते. ८ × १२ इंचांचा प्रिंट ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) काढायला ९ मेगापिक्सेलही लागत नाहीत. त्यामुळे १६ किंवा २४ मेगापिक्सेलचा जुना कॅमेरा निःशंकपणे घ्यावा.

डीएसएलआर (आरशातून दृश्य दाखवणारा) घ्यावा की मिररलेस (बिनआरशाचा), या प्रश्नाचे उत्तर खिसा देतो. मिररलेस कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीत, छायाचित्र उजळ येणार की काळवंडणार हे बटण दाबण्यापूर्वीच दिसते आणि नवशिक्याला ही मोठी सोय आहे. दुसरीकडे, कंपन्यांचे आणि हौशी छायाचित्रकारांचे लक्ष मिररलेसकडे वळल्यामुळे वापरलेले डीएसएलआर आणि त्यांच्या लेन्स मुबलक व स्वस्त झाल्या आहेत. बॅटरीचाही फरक मोठा आहे: प्रमाणित चाचणीनुसार निकॉन डी३५०० एका चार्जिंगमध्ये १५५० छायाचित्रे काढतो, तर सोनीचा मिररलेस ए६००० सुमारे ३६०. बजेट तुटपुंजे असेल तर माझे मत वापरलेल्या डीएसएलआरच्या बाजूने आहे.

खरी सावधगिरी लेन्सच्या बाबतीत बाळगावी लागते, कारण बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, स्वस्तात मिळाली तरी माउंट, म्हणजे लेन्स बसवण्याची जोडणी, चुकला की पुढचा सगळा खर्च चुकत जातो. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकांतील बॉडीमध्ये फोकसची मोटर नसते. ५० मिमी एफ/१.८ डी ही जुनी, स्वस्त लेन्स अशा बॉडीवर बसते, छायाचित्रही काढते, पण आपोआप फोकस करत नाही. त्यासाठी स्वतःची मोटर असलेली, उदाहरणार्थ एएफ-एस प्रकारची, लेन्स घ्यावी लागते. कॅननच्या एपीएस-सी डीएसएलआरवर ईएफ आणि ईएफ-एस दोन्ही लेन्स विनातक्रार चालतात, मात्र ईएफ-एम माउंटचे मिररलेस कॅमेरे बनवणे कंपनीने थांबवले आहे, हे स्वस्त किमतीला भुलण्यापूर्वी ध्यानात घ्यावे. सोबत येणारी १८-५५ मिमी किट लेन्स सुरुवातीला पुरते. तरीही बॉडीवर थोडे कमी खर्चून एफ/१.८ची एक लेन्स घेता आली तर अवश्य घ्यावी, ५५ मिमीवर किट लेन्सच्या एफ/५.६च्या तुलनेत ती जवळजवळ १० पट प्रकाश आत घेते, आणि ॲपर्चरचा पाठ तिच्यावर जितका लवकर उमगतो तितका किट लेन्सवर उमगत नाही.

स्टुडिओतील दिव्यांचा पाठ असेल, तर कॅमेऱ्याच्या माथ्यावरील फ्लॅशचा खाचा, म्हणजे हॉट शू, तपासावा. कॅननच्या ईओएस २५०डी आणि ४०००डी या मॉडेलांच्या हॉट शूमध्ये मधला संपर्कबिंदू नाही, त्यामुळे केवळ त्याच्यावर चालणारे इतर कंपन्यांचे साधे फ्लॅश आणि ट्रिगर त्यांवर पेटत नाहीत.

वापरलेला कॅमेरा घेताना स्वतःचे मेमरी कार्ड आणि एक विजेरी सोबत न्यावी. लेन्स बॉडीवरून काढून तिच्यातून विजेरीचा झोत आरपार सोडावा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे, आणि अशी लेन्स फुकट मिळाली तरी घेऊ नये. मग ॲपर्चर एफ/१६ वर ठेवून, फोकस मुद्दाम बिघडवून पांढऱ्या भिंतीचे छायाचित्र काढावे. त्यात दिसणारे मंद ठिपके म्हणजे सेन्सरवरची धूळ, ती साफ होते. ओरखडा साफ होत नाही. शटर किती वेळा चालले आहे तेही पाहावे. प्राथमिक श्रेणीच्या बॉडीचे शटर साधारण १ लाख वेळा चालेल असे गृहीत धरलेले असते. निकॉन हा आकडा छायाचित्राच्या फाइलमध्येच नोंदवतो, कॅननमध्ये तो बहुधा तसा मिळत नाही, म्हणून तिथे पकडीच्या रबराची झीज आणि बटणांची अवस्था पाहून अंदाज बांधावा. बॅटरी फुगलेली नाही ना आणि चार्जर मूळ कंपनीचा आहे ना, याकडेही नजर टाकावी.

कॅमेरा घरी आल्यावर माहितीपुस्तिका कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावी, कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे आणि फाइल रॉ व जेपेग अशा दोन्ही स्वरूपांत साठवण्याची निवड करावी. पहिल्या तासाला जाण्यापूर्वी एम मोडमध्ये शटर, ॲपर्चर आणि आयएसओ बदलणारी बटणे न पाहता सापडतील इतका सराव करावा. काही स्वस्त बॉडींवर फिरवायची चकती एकच असते आणि ॲपर्चरसाठी दुसरे बटण दाबून धरावे लागते, त्याची सवय व्हायला दोन-तीन दिवस जातात.