उन्हाळ्याआधी हिरवळीच्या मातीची मशागत

थंडी ओसरली की फेब्रुवारीच्या मध्यापासून हिरवळीतल्या हरळी गवताला नवे धुमारे फुटू लागतात. होळीपर्यंत मातीची कामं उरकली, तर उन्हाचा कडाका सुरू व्हायच्या आत मुळांना खोल जायला वेळ मिळतो. बरेच जण मात्र पिवळट गवत पाहून लगेच युरिया फेकतात. पुणे, नाशिक, सोलापूरकडच्या काळ्या मातीत गवत उपाशी असण्यापेक्षा गुदमरलेलं असण्याचीच शक्यता जास्त. ही माती पायांखाली दबली की तिच्यात हवा खेळत नाही आणि मुळांना खत घेताच येत नाही. म्हणून आधी माती मोकळी करा, खत नंतर.

१. माती तपासा. हिरवळीवर आठ-दहा ठिकाणी वरच्या १० सेंटिमीटरपर्यंतची माती काढा, एकत्र करून सावलीत वाळवा आणि अर्धा किलो जवळच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत द्या. सामू (pH, म्हणजे माती आम्ल की अल्कली), क्षारता (मातीतले विरघळणारे क्षार) आणि सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पालापाचोळ्यातून, खतातून आलेला कर्ब) हे तीन आकडे नक्की बघा. थंड देशांतले लेख वसंतात चुना टाकायला सांगतात, पण आपल्याकडच्या पठारावरच्या काळ्या मातीत चुनखडी आधीच असते आणि सामू बहुधा ७.५ ते ८.५ असतो. तिथे चुना मुळीच नको. कोकण-गोव्याच्या जांभ्या मातीची गोष्ट वेगळी. ती आम्ल असते, तिथे अहवालात शिफारस असेल तरच चुना द्या.

२. वाळलेला थर काढा. गवत नेहमीपेक्षा थोडं खाली कापा आणि लोखंडी दाताळ्याने मुळाशी साचलेलं वाळकं गवत ओढून काढा. हा थर जाड असेल तर पाणी वरच्या वर अडतं.

३. वाफसा आल्यावर, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी झाल्यावर, भोकं पाडा. सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, आणि घाई नडते तीही इथेच. आदल्या दिवशी पाणी द्या. मग मूठभर माती दाबून बघा: गोळा होऊन बोटाने टिचकी मारताच फुटली तर वाफसा आहे, चिकटून चकाकली तर अजून थांबा. ओल्या काळ्या मातीत काम केलं तर ती आणखी घट्ट होते. वाफसा असताना बागकामाच्या काट्याने किंवा जाड सळईने ८ ते १० सेंटिमीटर खोल, वीतभर अंतरावर भोकं पाडा. येण्याजाण्याच्या वाटेवर ती जास्त दाट हवीत. बांधकामाचा मुरूम किंवा सिमेंटचे तुकडे लागले तर तेवढी जागा खोदून माती बदललेलीच बरी.

४. भोकांत खत भरा. पूर्ण कुजलेलं, चाळलेलं शेणखत किंवा गांडूळखत ५-६ मिलिमीटर जाडीने पसरा आणि झाडूने भोकांत ढकला. १०० चौरस फुटांना साधारण चार घमेली लागतात. पात्यांची टोकं वर दिसलीच पाहिजेत. कच्चं शेणखत घालू नका. त्यातून तणाचं बी आणि हुमणीच्या अळ्या येतात. नुसती वाळूही नको. काळ्या मातीत थोडी वाळू मिसळली म्हणजे माती भुसभुशीत होत नाही. हे काम सेंद्रिय खतानेच होतं.

५. पाणी, आणि मग युरिया. लगेच भरपूर पाणी द्या. पुढे रोज शिंपडण्याऐवजी तीन-चार दिवसांनी, सकाळी, असं द्या की पेचकस १० सेंटिमीटर सहज आत गेला पाहिजे. नवी वाढ दिसू लागल्यावर हवा असेल तर १०० चौरस फुटांना ५० ग्रॅम युरिया द्या आणि त्यावर पाणी सोडा. चुनखडीच्या मातीवर तो तसाच पडून राहिला तर त्यातला नत्र हवेत उडून जातो.

एवढं करूनही कोवळी पाती पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या, तर लोहाची कमतरता आहे. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट विरघळवून संध्याकाळी फवारा. फरशीवर पडलं तर ताबडतोब धुवा, डाग निघत नाहीत.